दीड सूत की दोन सूत

त्यांचं खरं नाव घराच्या कागदपत्रांवर आणि थोरल्या बहिणीच्या रागात तेवढं शिल्लक होतं. बाकी सगळे त्यांना कानवाले म्हणायचे. धंदा प्लंबरचा आणि नाव कानाच्या डॉक्टरला शोभेल असं, म्हणून नवीन माणूस हसायचा. मग कानवाले पिशवीतून वीतभर दांड्याची हातोडी काढायचे, भिंतीतल्या जुन्या पाइपवर तीनदा ठोकायचे, मान तिरकी करायचे आणि ‘भारी’ किंवा ‘हलका’ असा एकच शब्द टाकायचे. पाइप कापल्यावर तो शब्द खरा निघायचा. त्यानंतर नवीन माणूस हसत नसे.

आता ह्यात एवढं काय, असं कुणालाही वाटेल. पाइप तो पाइप. पण सांडपाण्याचे जुने बिडाचे पाइप बाहेरून सगळे सख्खे भाऊ दिसतात. काळे, खरबरीत, अंगावर डांबराचे थर. आत मात्र कुणाची जाडी दीड सूत, तर कुणाची दोन सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्यातल्या अर्ध्या सुताचा फरक तो काय, जाड पुठ्ठ्याएवढा. पण घोडं तिथंच पेंड खातं. दोन सुती भारी पाइपला साखळीचा कटर चालतो. बारीक चाकांची साखळी पाइपच्या गळ्याभोवती आवळायची, दांडा ओढायचा, की पाइप खडूसारखा सरळ मोडतो. दोन मिनिटांचं काम. तीच साखळी गंजलेल्या दीड सुती पाइपला आवळली तर तो मोडत नाही, चुरतो, आणि त्याच्या डोक्यावर उभे असलेले वरच्या मजल्यांचे पाइप खालच्या माणसाच्या अंगावर येतात. म्हणून हलक्याला वरून बांधायचं, खालून टेकू द्यायचा आणि ग्राइंडरनं सावकाश कापायचं. त्यात दिवस जातो, आणि तेवढा वेळ सगळ्या इमारतीचे नळ आणि संडास बंद.

ओळखायचे दुसरे मार्ग नाहीत असं नाही. भारी पाइप अंगानं किंचित जाड असतो, त्यामुळे सुतळी गुंडाळून घेर मोजता येतो. पण चाळीस वर्षांच्या डांबरावरून मोजलं तर सुतळी डांबराचंच माप सांगते. पाइपच्या रुंद तोंडावर ओतणाऱ्यांनी वजनाची खूण उठवलेली असते. ती बहुधा भिंतीकडे तोंड करून बसलेली, नाहीतर गंजानं खाल्लेली. बारीक भोक पाडून जाडी बघता येते, पण कानवाल्यांच्या लेखी ते परीक्षेत शेजारच्याच्या पेपरात डोकावण्यासारखं होतं. त्यांचा सगळा कारभार आवाजावर.

“भारी पाइप एकदा बोलतो आणि गप्प बसतो,” ते सांगायचे. “हलक्याच्या आवाजाला शेपूट असतं. बोलून झालं तरी मागे रेंगाळत राहतं. माणसांचंही तसंच आहे.”

हे शेपूट त्यांना वस्तादांनी ऐकवलं होतं. एकोणिसाव्या वर्षी साबणाच्या कारखान्यात खोकी भरायचा कंटाळा येऊन ते वस्तादांच्या हाताखाली गेले. वस्तादांच्या घरामागे जुन्या पाइपांचा ढीग होता. तिथं पालथ्या बादलीवर पाठ करून बसायचं, वस्ताद मागे एकेक पाइप ठोकणार, आणि ह्यांनी सांगायचं. चुकलं की वस्ताद काही बोलत नसत, फक्त तोच पाइप पुन्हा ठोकत. पहिल्या आठवड्यात कानवाल्यांनी हळूच मान वळवून वस्तादांचा चेहरा बघायचा प्रयत्न केला.

“माझ्या तोंडाकडे बघून सांगू नकोस,” वस्ताद म्हणाले. “तोंड कुणालाही वाचता येतं. पाइप वाच.”

चार महिने ते त्या बादलीवर बसले. वस्तादांच्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती. उरलेल्या तीन बोटांत कप धरून ते चहा प्यायचे. कानवाल्यांनी एकदा धीर करून विचारलं, तेव्हा वस्तादांनी कप खाली ठेवला. “घाई होती. न ठोकताच भारी म्हणालो,” एवढंच सांगून ते पुन्हा कामाला लागले. ती तीन बोटं कानवाले पुढे कधी विसरले नाहीत. म्हणजे मधली दोन वर्षं विसरले, आणि ही गोष्ट त्याच दोन वर्षांची आहे.

बाकी त्यांचं आयुष्य तसं सरळ गेलं. बायको शिवणकाम करायची. घराच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन, मागच्या अंगणात ह्यांचे पाइप. “ह्यांना लोखंडाचं ऐकू येतं, बायकोचं नाही,” हा तिचा ठरलेला विनोद होता आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो ऐकावा लागे. मुलगा एकच. त्याला डिझेलचा वास चालायचा, पण पाइपचा नाही, म्हणून तो लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर झाला. धंदा आपल्याबरोबरच संपणार असं कानवाल्यांनी मनाशी धरून टाकलं होतं.

मग सून आली. लग्नाआधी ती हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर होती. कुठला नट कुठल्या खणात, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. एकदा कानवाल्यांचा मदतनीस न सांगता गायब झाला आणि शिडी धरायला कुणी नव्हतं, म्हणून ती गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशी तिनं पिशवी आपल्या पद्धतीनं लावली, आणि कानवाल्यांना आयुष्यात पहिल्यांदा पाना शोधावा लागला नाही. बाईमाणसाच्या हातात पाना शोभतो का, असं शेजारच्या काकूंनी विचारल्यावर सासूबाईंनी मशीन न थांबवता विचारलं, “शोभायला तो काय दागिना आहे?” विषय तिथंच मिटला.

सुनेला शिकवताना मात्र कानवाले वस्तादांसारखे कडक राहिले नाहीत. पोरीला पालथ्या बादलीवर पाठ करून बसवणं त्यांच्या जिवावर आलं. ती समोर उभी राहून ठोकायची आणि त्यांच्याकडे बघायची, आणि ते शब्द सांगायचे. आठ वर्षं असंच चाललं. ती अंगानं बारीक, त्यामुळे अडचणीच्या जागी तीच शिरायची. हातोडी तिच्या हातात, निकाल ह्यांच्या तोंडात.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी कानवाले अंगणात पाइप लावून ठेवत होते. सवयीनं एका पाइपला टिचकी मारावी तशी हातोडी लावली. पाइप ओळखीचा होता, दीड सुती. तो एकदा बोलला आणि गप्प बसला. त्यांना वाटलं तडा गेला असेल. तडा नव्हता. त्यांनी शेजारचा ठोकला, त्याच्या पलीकडचा ठोकला. एकाही आवाजाला शेपूट नव्हतं. अंगणातले सगळे पाइप एका रात्रीत भारी झाले होते.

ते बादलीवर बसले आणि बराच वेळ हातातल्या हातोडीकडे बघत राहिले. मग उठून आत गेले. बायको काहीतरी म्हणाली. ते “हो” म्हणाले, आणि तिनं ज्या नजरेनं बघितलं त्यावरून उत्तर “नाही” असायला हवं होतं हे त्यांना कळलं.

घरात कुणाच्या लक्षात आलं नाही, ह्यात नवल नाही. नवऱ्यानं न ऐकणं हे कुठल्याही घरात बहिरेपणाचं लक्षण मानत नाहीत. फोन वाजला की ते सुनेकडे सरकवायचे, “तू बोल, माझे हात ओले आहेत.” त्यांचे हात दोन वर्षं ओलेच होते. आणि पाइपचं म्हणाल, तर तिथं त्यांना एक वाट सापडली. तिचा चेहरा. हलका पाइप वाजला की सुनेची डावी भुवई वर जायची, कुणाची तरी भानगड कानावर आल्यासारखी. भारी वाजला की ओठ मिटायचे. ती वळून त्यांच्याकडे बघायची तेव्हा उत्तर तिच्या तोंडावर लिहिलेलं असायचं. कानवाले मान तिरकी करायचे, जरा वेळ जाऊ द्यायचे आणि ते वाचून दाखवायचे. पाइप कापला की शब्द खरा. झाकली मूठ सव्वा लाखाची.

रात्री पडल्या पडल्या कधी मन खायचं. पण मनाला समजावायला माणूस तयारच असतो. कान मीच तयार केला ना तिचा, मग तो माझाच म्हणायचा, असं ते स्वतःला सांगायचे आणि कूस बदलायचे. आपण कानवाले नाही राहिलो तर मग कोण, खरी भीती त्याचीच होती.

अशात परिचारिकांच्या वसतिगृहाचं काम आलं. तीन मजली जुनी इमारत, मागच्या बाजूला दोन भिंतींच्या मधे जेमतेम माणूस मावेल अशी पोकळी, आणि तिच्यातून वरपासून खालपर्यंत गेलेला उभा बिडाचा पाइप. पहिल्या मजल्यावर तो फुटला होता आणि तिथली भिंत ओली झाली होती. तेवढा तुकडा काढून नवा बसवायचा.

वॉर्डनबाई स्वतः पूर्वी परिचारिका होत्या. घड्याळ मनगटावर नव्हे, छातीवर उलटं टाचलेलं. “संध्याकाळी सहाला पाळी संपवून माझ्या चाळीस मुली येतील,” त्या म्हणाल्या. “त्यांना अंघोळीला पाणी लागेल. सगळे म्हणाले, कानवाल्यांना बोलवा, ते उगाच दिवस घालवत नाहीत.”

“पाइप भारी निघाला तर दुपारीच मोकळे होऊ,” सून म्हणाली.

पोकळीत जायला पहिल्या मजल्याच्या बोळात लहानसं लोखंडी दार होतं. आत दोन फळ्या टाकून उभं राहायची सोय केली. सून नेहमीप्रमाणे रुमाल गळ्यात टाकून शिरायला निघाली, तेवढ्यात वॉर्डनबाईंनी हात आडवा केला.

“असं नाही चालायचं. आत काय काय असेल. मास्क आणि डोळ्यांना चष्मा, मगच आत.”

त्यांनी दोन्ही वस्तू स्वतः आणल्या आणि स्वतःच्या हातांनी सुनेच्या तोंडावर बांधल्या. चष्मा कारखान्यात वापरतात तसला, काळपट काचांचा आणि बाजूंनी बंद. कानवाले बघत होते. आपलं काय हिरावलं जातंय हे त्या क्षणी त्यांच्या लक्षात आलं नाही.

सून आत जाऊन फळीवर उभी राहिली. कानवाल्यांनी दारातून डोकं आत घालून टॉर्च धरला. तिनं तीनदा ठोकलं आणि नेहमीसारखी वळली.

समोर पांढरा मास्क आणि दोन काळ्या काचा. भुवई काचेमागे, ओठ मास्कमागे. दोन्ही काचांत कानवाल्यांना टॉर्च धरलेला एक म्हातारा दिसला.

“पुन्हा ठोक,” ते म्हणाले.

तिनं ठोकलं. ठक्. एकदा बोलला आणि गप्प बसला. अर्थात, गेल्या दोन वर्षांत सगळेच पाइप गप्प बसत होते. त्यांनी हात लांब करून पाइपवर तळवा ठेवला आणि तिला आणखी एकदा ठोकायला सांगितलं. घट्टे पडलेल्या तळव्याला काही कळलं नाही. मागे वॉर्डनबाई छातीवरचं घड्याळ उचलून बघत होत्या. सून वाट बघत होती. बोलायला तर हवंच होतं.

“भारी,” कानवाले म्हणाले.

ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिनं मान हलवली आणि साखळी उचलली.

साखळी पाइपच्या मागून फिरवून तिनं कडी अडकवली आणि दांडा धरला. कानवाल्यांनी टॉर्च वर केला. तिच्या डोक्यावर दोन मजल्यांचा पाइप सरळ उभा होता, आणि त्याला भिंतीशी धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांतल्या निम्म्या गंजून गळालेल्या होत्या. खाली फळीवर ती, दांड्याला जोर द्यायला पाय फाकवून उभी. आणि त्यांना एकाएकी वस्तादांचा हात आठवला. तीन बोटांत धरलेला कप.

“थांब!”

ते एवढ्या जोरात ओरडले की वॉर्डनबाई दचकल्या. सुनेनं दांडा सोडला.

“साखळी काढ. बाहेर ये आधी.”

ती दाराशी आली. मास्क हलत होता, म्हणजे ती काहीतरी विचारत होती.

“ते तोंडावरचं काढ,” कानवाले म्हणाले. “मला ऐकू येत नाहीये.”

तिनं मास्क खाली केला, चष्मा कपाळावर सारला. “आता येतंय का?”

“तसं नव्हे गं. मला ऐकूच येत नाही. दोन वर्षं झाली. जवळून, तोंडाकडे बघून बोललं तर कळतं. पाइपचं काही कळत नाही.”

कानवाल्यांचा चेहरा तापला होता. दोन वर्षं जपलेली गोष्ट शेवटी एका बोळात, ओल्या भिंतीसमोर, परक्या बाईच्या देखत तोंडातून निघून गेली होती. लाज वाटली, आणि जरा मोकळंही वाटलं.

“काहीतरीच काय, बाबा,” सून म्हणाली. “मागच्या महिन्यात शाळेचा पाइप तुम्ही हलका सांगितलात. हलकाच निघाला.”

“तुझी भुवई वर गेली होती.”

“आणि छापखान्याचा? तो भारी होता.”

“तू ओठ मिटलेस.”

“त्या बेकरीच्या मागचा? त्याला तर मी स्वतः फसले असते.”

“नाही फसलीस. आधी ओठ मिटलेस, मग भुवई वर गेली. मी भुवईवर गेलो.”

सून दाराच्या चौकटीला टेकली. तिच्या डोळ्यांत हसू नव्हतं आणि रागही नव्हता, नुसती भीती होती. “बाबा, मला एकदासुद्धा नक्की माहीत नव्हतं,” ती हळूहळू, त्यांच्याकडे तोंड करून म्हणाली. “मी मनात अंदाज करायचे. मग तुम्ही सांगायचात आणि ते जुळायचं. मला वाटायचं, चला, बाबा आहेत मागे, चुकलं तर ते सांगतील.”

“मागे कुणी नव्हतं,” कानवाले म्हणाले. “दोन वर्षं तुझंच उत्तर मी तुला सांगत होतो.”

दोन आंधळ्यांनी एकमेकांचा हात धरून रस्ता ओलांडावा, तशी दोघांनी दोन वर्षं काढली होती. फरक इतकाच, की त्यातल्या एकीला स्वच्छ दिसत होतं आणि ते तिलाच ठाऊक नव्हतं.

“आत्ताचा तुला कसा वाटला?” त्यांनी विचारलं.

ती घुटमळली. “मला शेपूट ऐकू आलं होतं. बारीक. पण तुम्ही भारी म्हणालात.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही चुकत नाही, बाबा.”

हे ऐकून मात्र कानवाल्यांना स्वतःचा मनापासून राग आला. आपलं नाव राखायला आपण हिला साखळी बांधायला लावली, आणि ही आपल्या शब्दावर ती आवळायला निघाली होती. त्यांनी बोळाच्या कोपऱ्यात पडलेली बादली पायानं ओढली आणि दारासमोर पालथी घातली.

“जा आत. पुन्हा ठोक आणि सांग.”

ती आत गेली. ठोकलं असावं. कारण ती वळून दारातून त्यांच्याकडे बघायला लागली, अगदी आठ वर्षांच्या सवयीनं. ते बघून कानवाले उठले, बादली फिरवली आणि दाराकडे पाठ करून बसले.

“माझ्या तोंडाकडे बघू नकोस,” ते समोरच्या भिंतीला म्हणाले. “माझ्या तोंडावर काही नाही. पाइप वाच.”

बराच वेळ गेला. कानवाले वाट बघत होते. भिंतीवरच्या ओलीचा आकार त्यांना पाठ झाला. अजून कशी सांगत नाही ही, असा विचार करत असताना त्यांच्या लक्षात आलं, की पाठ केल्यावर आपल्याला ती काय सांगते हे तरी कुठून कळणार? वस्तादांच्या पद्धतीत ही सोय नव्हती. वस्तादांना ऐकू यायचं.

ते वळणार एवढ्यात मागून आवाज आला, आणि असा आला की दोन वर्षांत त्यांनी इतकं स्वच्छ काही ऐकलं नव्हतं.

“हलका! हलका आहे, बाबा! दीड सूत!”

बोळातली दोन दारं उघडली. रात्रपाळी करून झोपलेली एक मुलगी केस विस्कटलेल्या अवस्थेत बाहेर आली आणि म्हणाली, “कोण हलकं?” वॉर्डनबाईंनी तिला हातानंच आत जायला सांगितलं. मग कानवाल्यांच्या समोर येऊन, त्यांना ओठ दिसतील असं उभं राहून त्या म्हणाल्या, “तिनं तीनदा सांगितलं. पहिल्यांदा पुटपुटली, दुसऱ्यांदा बोलली आणि तिसऱ्यांदा हे.”

“सहापर्यंत होणार नाही,” कानवाले म्हणाले. “बांधून, टेकू देऊन कापावं लागेल. आठ वाजतील. बादल्या भरून ठेवा.”

वॉर्डनबाईंनी घड्याळ उचललं, बघितलं आणि सोडून दिलं. “चाळीस मुली मला बोल लावतील,” त्या म्हणाल्या. “लावू देत. नाडी न बघता आकडा सांगणाऱ्या मुलीला मी घरी पाठवते. तुम्ही वेळेत कबूल केलंत म्हणून तुम्हाला चहा पाठवते. पण कान दाखवून घ्या.”

मग कामाला सुरुवात झाली. वरच्या दोन्ही मजल्यांवर पाइपला नव्या पट्ट्या मारल्या, खालून लाकडी टेकू दिला, आणि सुनेनं ग्राइंडरनं इंच इंच करत काप घेतला. वीतभर उंचीचं कडं मोकळं होऊन बाहेर आलं तेव्हा साडेसात झाले होते. कानवाल्यांनी ते टॉर्चखाली धरलं. पुढच्या बाजूची जाडी दीड सूत. भिंतीकडची बाजू गंजानं एवढी खाल्लेली, की वहीच्या पुठ्ठ्याइतकी उरली होती. त्यांनी तिथं अंगठ्यानं दाबलं. तुकडा बिस्किटासारखा तुटून हातात आला.

सून शेजारी उभी होती. तिनं त्या तुकड्याकडे पाहिलं, मग वर अंधारात गेलेल्या पाइपकडे, आणि खाली बसली. कानवाल्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. एरवी ते असलं काही करत नसत.

“चुकलं माझं,” ते म्हणाले. “फार चुकलं.”

तिनं उत्तर दिलं असेल. तिची मान खाली होती, त्यामुळे त्यांना कळलं नाही. पण तिनं त्यांचा हात डोक्यावरून काढला नाही.

घरी पोचल्यावर त्यांनी बायकोसमोर जाऊन सांगून टाकलं, “मला ऐकू येत नाही.”

बायकोनं मशीन थांबवलं. “हे मी तुम्हाला दोन वर्षं सांगतेय.”

“ऐकू आलं असतं तर कबूल केलं असतं,” कानवाले म्हणाले. तिला हसू आवरेना, आणि मग हसता हसताच तिनं पदरानं डोळे पुसले.

पुढच्या आठवड्यात तीच त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी कानामागे बसणारं यंत्र दिलं. यंत्रानं माणसांचं बोलणं बरंचसं परत आणलं. पाइपचं शेपूट काही आणलं नाही. अंगणातले पाइप भारी ते भारीच राहिले. बायकोच्या मते महत्त्वाचं तेवढं काम झालं होतं.

हळूहळू फोन सुनेसाठीच यायला लागले. शेजारच्या काकूंना बोलायला विषय मिळाला. कानामागून आली आणि तिखट झाली, असं त्या कुंपणावरून म्हणाल्या. आता कानवाल्यांना ते ऐकू आलं. “तिखट झाली म्हणून तर जिवंत आहे,” ते म्हणाले, आणि काकूंना त्यातलं काही समजलं नाही.

दोन-तीन महिन्यांनी एका जुन्या ग्रंथालयात काम निघालं. तळघरात, पुस्तकांच्या रिकाम्या कपाटांमागे तसाच एक उभा पाइप होता. ग्रंथपालांनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि विचारलं, “कानवाले म्हणजे आपणच ना?”

“ह्या,” कानवाल्यांनी सुनेकडे बोट दाखवलं. “मी टॉर्च धरतो.”

ती कपाटामागे शिरली. कानवाले तिच्या डाव्या अंगाला, एक पाऊल मागे उभे राहिले, जिकडे ती नेहमी वळायची तिकडे. तिनं तीनदा ठोकलं. कानवाल्यांची मान आपोआप तिरकी झाली. ती आता वळेल, बघेल, म्हणून ते थांबले.

ती वळली नाही. पाइपवर तळवा ठेवून तिनं आणखी एकदा ठोकलं, आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत उभी राहिली. कानवाल्यांनी तिरकी मान सरळ केली.

“भारी,” ती म्हणाली, आणि तशीच पाइपकडे बघत तिनं साखळीसाठी हात मागे केला.

कानवाल्यांनी टॉर्च काखेत धरला, पिशवीतून साखळी काढली आणि तिच्या हातात दिली.